कोणी नसल्याचा दाखला

दवाखान्याचा निरोप आला तेव्हा मी रुगुम्याच्या दांड्यावर बसले होते. रुगुमा म्हणजे वेताची विणलेली लांबलचक पिशवी. किसलेला कासावा तिच्यात ठासून भरायचा, वरचं टोक तुळईला अडकवायचं, खालच्या टोकात दांडा घालायचा आणि त्यावर एका जाड बाईनं बसायचं. पिशवी ताणली जाते आणि कंदातलं विषारी पाणी खाली गळतं. आमच्या सातजणींत जाड मीच, म्हणून बसायचं काम माझं.

फोन क्रिसांताचा होता. तिनं तो झग्याला पुसून एवारिस्ताकडे दिला. एवारिस्ता माझी थोरली बहीण, सत्तरीला टेकलेली, हाडानं काटक. कासाव्याच्या कामाची मुकादम तीच. भाकरी भाजायचा मोठा लोखंडी तवा सगळ्यांच्या मालकीचा, पण चूल तिच्या अंगणात. तिनं उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"शुक्रवारच्या आत घिऊन जा म्हनत्यात. त्यान्ला खाट पायजे."

"कुनाला न्यायचं?" क्रिसांतानं विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"माझ्या निसीला."

किसण्यांची खरखर थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली. कोणी वर पाहिलं नाही.

निसी, म्हणजे दिओनिसिया, आमच्या मधल्या बहिणीची मुलगी. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आमच्यात तर मावशी म्हणायचीही रीत नाही. आईची बहीण ती आईच. निसीला तीन आया होत्या, एक गेली, दोन उरल्या. एवा आईनं तिला वाढवलं आणि पेत्रो आईनं, म्हणजे मी, जवळ राहून कौतुक केलं. सतराव्या वर्षी ती शहरात घरकामाला गेली. आता एकतिशीत होती आणि दहा आठवड्यांपासून दवाखान्यात पडून होती. आजाराचं नाव गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कोणी घेत नव्हतं.

मी आणि एवारिस्ता गुरुवारी गेलो.

निसी खाटेवर कुशीला पडली होती. पोरगी आमच्यात उंच म्हणून गणलेली, आता चादरीखाली तिचं माप कळत नव्हतं. त्या आजाराच्या पाठोपाठ क्षय मेंदूत चढला होता, डावं अंग लुळं पडलं होतं. बोलताना तोंडाचा एक कोपरा ओढला जाई, पण बोलणं नीट कळे.

"एवढा उशीर केलात," ती म्हणाली. "हितलं जेवन खाऊन मेले असते."

"तोंड बरं हाय म्हनायचं," एवारिस्ता म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं.

दवाखान्यातली समाजसेविका कोवळी पोर होती. तिच्यापुढे छापील कागद होता. "तुमचं नातं?"

"आई."

पोरीनं लिहिलं, आई. आपण खोटं बोललो असं एवारिस्ताच्या मनातही आलं नाही, आणि माझ्याही नाही.

"सकाळी सात, संध्याकाळी सात. गोळी एकदाही चुकवायची नाही," पोरगी सांगू लागली. "गोळ्या महिन्याच्याच मिळतात. संपायच्या आत इथे येऊन पुढच्या न्यायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ फुटेल. महिना-दोन महिन्यांचं काम नाही हे, वर्षानुवर्षांचं आहे. झेपेल?" मग ती थोडी थांबली. "शहरात चर्चच्या सिस्टरांचं एक घर आहे. बारा खाटा आहेत. तिथे शेवटपर्यंत सांभाळतात. पण ज्यांना घरचं कोणीच नाही अशांनाच घेतात. तुम्ही आईच आहात म्हटल्यावर..."

"आमच्या पोरीला कोन न्हाई?" एवारिस्ता म्हणाली. "अर्धं गाव तिचं हाय."

तिला राग आला होता. मलाही आला होता, हे मी कबूल करते.

सडक संपते तिथपर्यंत गाडीनं आलो आणि पुढे फाउस्तोच्या होडीतून खाडी ओलांडली. निसीला मी एकटीनं उचलून काठावर आणलं, एवढीच ती उरली होती. मागे वळून पाहिलं तर फाउस्तो डबडं भरभरून पाणी घेत तिची बसायची फळी धूत होता.

"काय रं, लई सफाई सुरू केलीस?" मी म्हटलं.

"नेहमीच धुतो की."

तीस वर्षं त्याच्या होडीत बसते आहे. मासळीच्या आतड्यांनी भरलेली फळीसुद्धा त्यानं कधी धुतलेली मी पाहिली नव्हती.

पहिले पंधरा दिवस बरे गेले म्हणायचे. एवारिस्ता पहाटे उठून निसीला पुसून काढी, खालची गोधडी बदली, ओली गोधडी खाडीवर नेऊन आपटी. सातच्या ठोक्याला गोळ्या. गोळीनं निसीच्या पोटात ढवळायचं, म्हणून आधी केळ्याची पेज. पेज ओकली की पुन्हा पेज. माकडहाडापाशी जखम होती, रुपयाएवढी; ती उकळलेल्या पाण्यानं धुवायची. मग कासाव्याचं काम. मधे मधे हातचं टाकून आत जायचं आणि कूस बदलायची. मीही जात होते. मी भरवतही होते. फक्त निसीचा चमचा मी वेगळा ठेवला होता, वळचणीला खोचून. एवारिस्तानं तो पाहिला आणि काढून सगळ्यांच्या चमच्यांत टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निसीचा उजवा हात हळूहळू चालू लागला. एवारिस्तानं तिला अंगणात खांबाला टेकवून बसवलं, मांडीत कंद दिले आणि हातात सुरी. लुळ्या हाताखाली कंद दाबायचा आणि उजव्यानं साल काढायची. कपाळाला घाम यायचा पोरीच्या. तासात चार कंद होत.

"शहरात मालकिनीच्या कुत्र्याला मटन शिजवायचे मी," ती सांगे. "कुत्रं माझ्याहून जाड हुतं."

बाया हसत. हसल्यावर आपण हसलो हे ध्यानात येऊन गप्प होत.

एका मंगळवारी सुरी निसटली. आंगठ्याला जरासं लागलं. रक्ताचा एक थेंब सोललेल्या पांढऱ्या कंदावर पडला. एवारिस्तानं तो कंद उचलून चुलीत टाकला, निसीच्या आंगठ्याला चिंधी बांधली आणि म्हणाली, "चला, हात चालवा."

हात कोणी चालवला नाही. क्रिसांता उठली. सकाळपासून किसलेला सगळा कासावा घमेल्यात होता, सातजणींची अर्ध्या दिवसाची मेहनत. तिनं घमेलं कडेला नेलं आणि वाळूत पालथं केलं.

"आंबूस वास येत हुता," ती म्हणाली.

आम्ही जन्मभर विष पिळून काढून त्याची भाकरी करणाऱ्या बाया. त्या विषाची कधी कोणाला भीती वाटली नाही. निसी चिंधी बांधलेला आंगठा मुठीत धरून बसली होती. तिनं तो मुठीतून पुन्हा बाहेर काढला नाही.

दोन दिवसांनी पाचजणी तवा न्यायला आल्या. "आता पावसाचं दिस," क्रिसांता म्हणाली. "तुझं छप्पर गळतंय, एवा. माझ्याकडं पत्रा हाय. पाऊस सरला की आनू परत."

"न्या की. तुमचा बी हाय."

तवा जड. सहाजणी लागतात उचलायला. एका बाजूला माणूस कमी पडत होतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी गेले आणि धरला. माझ्या बहिणीच्या अंगणातून तो तवा मी माझ्या हातांनी उचलून नेला. एवारिस्ता उघड्या पडलेल्या चुलीतली राख सारखी करत होती. घरी आल्यावर हाताची काजळी धुतली तेव्हा मला रडू आलं. पण रडून तवा परत नेला नाही.

त्यानंतर एवारिस्ता एकटीच कासावा किसायची, मातीच्या लहान खापरावर भाजायची आणि सडकेपर्यंत विकायला न्यायची. गिऱ्हाइकं भाकरी हातात घेत, कुठल्या घरची विचारत, आणि ठेवून देत. न खपलेल्या भाकरी आम्ही तिघी खात होतो. यादिरा, माझी सून, मला दारातच विचारायची, "आत्या, तिकडं खाल्लंत का?"

"न्हाई गं."

"मग तोंडाला पीठ कशाचं?"

नोव्हेंबर सरता सरता उत्तरेचा वारा सुरू झाला. आमच्याकडे तो आला की समुद्र आणि खाडी यांच्यामधला वाळूचा बांध कधी फुटेल सांगता येत नाही. बांध फुटला की होडी बंद आणि गाव तोडलेलं. गोळ्या सहा दिवसांच्या उरल्या होत्या. निसीनं डबी हलवली.

"कोन जातंय?" तिनं विचारलं.

त्या खेपेला पाळी माझी होती, तसं ठरलंच होतं. मी आभाळाकडे पाहिलं. समुद्राच्या अंगाला शिशासारखं काळं धरलं होतं आणि पक्षी आत, जमिनीकडे येत होते.

"गुडघा लई धरलाय माझा," मी म्हटलं. "दोन दिस थांबू."

गुडघा धरला नव्हता.

"थांबून बांध फुटला तर?" एवारिस्ता म्हणाली. "ऱ्हाऊ दे, मी जाते. तू हिची कूस बदल."

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बांध फुटला. आवाज गावात ऐकू आला. आम्ही पळत काठावर गेलो तर खाडीचं पाणी तांबडं होऊन समुद्रात कोसळत होतं, झाडं मुळासकट वाहत होती. पलीकडे तीन माणसं उभी होती. त्यातली एक ती होती, हे चालीवरून मी ओळखलं.

फाउस्तोनं होडी घातली नाही. पाणी जरा उतरल्यावर त्यानं दोर टाकला आणि एकेकाला दोराला धरून आणलं. एवारिस्ता शेवटी आली, छातीभर पाण्यातून. डोक्यावर झाकणाचं पातेलं ओढणीनं हनुवटीखाली बांधलं होतं, त्यात गोळ्या. काठाला लागल्यावर तिला उभं राहवेना. मी काखेत हात घातला. अंग बर्फ झालेलं.

"वाजले किती?" तिनं विचारलं.

"साडेसहा असतील."

"चल लौकर मग. सातला पायजे."

घरी येऊन तिनं आधी गोळी दिली, मग कपडे बदलले.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. होडी बंद, वाट बंद. गावच्या दवाखान्यातली नर्स पंधरवड्यातून एकदा येते, ती पलीकडे अडकलेली. मी लिंबू दिलं, पाला शेकला, पाठ चोळली. दोन खाटा शेजारी शेजारी आणि मधे मी. एकीची कूस बदलायची, दुसरीला उठवून बसवायचं. निसी उजव्या हातानं तिच्या खाटेची कड धरून असायची. घड्याळाकडे लक्ष तिचंच. "पेत्रो आई, सात," ती हलकेच सांगायची. तिला लाज वाटत होती, की एवा आई मरते आहे आणि आपण गोळी मागतो आहोत. मला दिसत होती ती लाज. नवव्या दिवशी सकाळी एवारिस्ता गेली.

आणि मग गाव आलं. जिवंतपणी पेजेचा घोट ज्यांनी आणून दिला नाही त्यांनी हंडेच्या हंडे आणले. नारळाच्या दुधातला मासा, केळी, मोठ्या तव्यावरच्या ताज्या भाकरी. आमच्यात नऊ दिवस मेलेल्याचं करतात आणि नवव्या दिवशी त्याला पोटभर जेवू घालून वाटेला लावतात. ज्याचा नववा होत नाही तो घर सोडत नाही, उपाशी फिरत राहतो, असं आम्ही मानतो. एवारिस्ताचा नववा असा झाला की पंचक्रोशीत नाव निघालं. ढोल वाजले, बाया नाचल्या. क्रिसांता तर ऊर फुटेस्तो रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. निसीची खाट मागच्या पडवीत सरकवली होती, जागा व्हावी म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी गावपंचांचा प्रमुख इसाबेलो अंगणात बसला. बाकीचे भोवती. निसीचं काय, हे कोणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. रीतीनं उरलेली आई मी होते.

यादिरानं रात्रीच सांगून ठेवलं होतं. "घर तुमच्या लेकानं बोटीवर घाम गाळून बांधलंय, आत्या. तुमी तिला आना. मी पोरं घिऊन म्हायेरला जाते. मग बसा दोघी." ती दुष्ट बाई नाही. घाबरलेली आहे. पण चार नातवंडांची तोंडं माझ्यापुढे होती. मी मान खाली घातली.

"शहरात सिस्टरांचं घर हाय म्हनं," इसाबेलो म्हणाला. "पर कोनी न्हाई असा दाखला लागतो."

"मग द्या की," क्रिसांता म्हणाली.

इसाबेलोनं वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. दिओनिसिया हिची आई एवारिस्ता वारली असून आता तिला नात्याचं कोणीही नाही, हे आम्ही गावकरी खरं म्हणून लिहून देतो. खाली सह्या. पान अंगणभर फिरलं. तिच्या मामानं सही केली. दोन चुलत भावांनी केली. आजोबांच्या धाकट्या भावानं आंगठा लावला. एक्केचाळीस जणांनी मिळून लिहून दिलं की या पोरीला कोणी नाही. शेवटी पान माझ्याकडे आलं, आणि मी पण सही केली.

निसी पडवीतून ऐकत होती. मी आत गेले तेव्हा म्हणाली, "किती सह्या झाल्या?"

"एक्केचाळीस."

"लगनाला बी येवढं आलं नसतं," ती म्हणाली.

बांध पुन्हा भरला, होडी सुरू झाली, आणि मी तिला घेऊन निघाले. वाटभर मी मनातल्या मनात घोकत होते. शेजारीण. मी शेजारीण. सोडायला आले. निसी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सात वाजता मी तिला गोळी दिली. पाणी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळलं, ते मी हातानं पुसलं. तेवढ्यात गाडी वळली आणि त्या घराचं फाटक आलं.

आत स्वच्छ होतं. फिनेलचा वास, पांढऱ्या चादरी, खिडकीशी एक म्हातारा माणूस घास चावत बसलेला. सिस्टर आमालिया चष्मा लावून दाखला वाचत होती. तिनं बोट ठेवून एकेक सही पाहिली.

"यात नऊ जणांचं आडनाव हिचंच आहे," ती म्हणाली.

मी घोकलेलं सगळं विसरले.

"आमच्या गावात सगळ्यांचं तेच असतं, सिस्टर," निसी म्हणाली. शहरात शिकलेली स्वच्छ बोली होती तिची. "गाव लहान आहे."

"आणि या?" सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "मला खरं सांगा. माझ्याकडे एकच खाट रिकामी आहे आणि दारात चौघं थांबलेत. सांभाळणारं माणूस असेल तर मी घेऊ शकत नाही. या कोण तुमच्या?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही. शेजारीण म्हणणार होते, की आई. मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे.

"शेजारीण," निसी म्हणाली. "भल्या आहेत. वाटेत कोणीतरी हवं म्हणून आल्या."

"बरं," सिस्टर म्हणाली. तिनं मोठं रजिस्टर उघडलं आणि नाव, वय, गाव, गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. निसीनं सगळं बिनचूक सांगितलं. मी खुर्चीच्या मागे उभी होते, तिच्या पाठीला उशी नीट लावली आहे का ते पाहत. मग हात मागे घेतला. शेजारणीनं किती करावं यालाही मर्यादा असते.

"भेटायला इथे फक्त घरच्यांना सोडतो," सिस्टर मला म्हणाली, सौम्यपणे. "बाहेरच्या लोकांमुळे इथल्यांची नावं बाहेर फुटतात. तुम्ही रागावू नका."

"न्हाई, न्हाई," मी म्हटलं.

"आता शेवटचा रकाना. काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला?"

क्रिसांताच्या फोनचा नंबर मला तोंडपाठ होता. एवढा एक आकडा लिहिला तर दारातल्या त्या चौघांपैकी कोणी आत येईल आणि निसी परत माझ्याबरोबर होडीत. नाही लिहिला तर ती इथेच कुठेतरी पुरली जाईल आणि तिच्या नवव्याला कोणी चूल पेटवणार नाही, कोणाला कळणारही नाही. मी निसीकडे पाहिलं. ती सिस्टरच्या लेखणीकडे पाहत होती.

"रेघ मारा, सिस्टर," ती म्हणाली.

सिस्टरनं पट्टी लावून सरळ रेघ मारली. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. आणून सोडणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही लागते, असं तिनं सांगितलं, आणि मी सही केली.